पांढऱ्या चादरींचे लुगडे

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीचा प्रत्यय मला इंग्लंडमधील लीड्स शहरी २०१० साली आला. शिष्यवृत्तीवर शिकायला गेलेली मी पौंडाचे रुपये आणि रुपयांचे पौंड करीत दिवस काढीत होते. अशातच ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या वसतिगृहाच्या सूचनाफलकावर एक नारिंगी कागद लागला. शनिवारी, ३० तारखेला रात्री वेषांतराची पार्टी. प्रत्येकाने कोणीतरी दुसरे बनून यावे. उत्तम वेषाला वीस पौंडांचे बक्षीस.

तिकडे ३१ ऑक्टोबरला 'हॅलोवीन' साजरा करतात. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, त्याची ही आदली संध्याकाळ. लहान मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात आणि मोठी माणसे वेषांतर करून नाचगाणी करतात. आमच्या वसतिगृहात वीसेक देशांची मुले-मुली होती. चीन, नायजेरिया, जर्मनी, ब्राझील, श्रीलंका, इराण... आणि आम्ही भारतातले सात-आठ जण. त्यात मराठी बोलणारे चौघे.

दुकानात भाड्याने मिळणाऱ्या पोशाखांच्या किमती पाहून मी निमूटपणे परत आले. एका रात्रीच्या राणीच्या झग्याला तीस पौंड! तेवढ्यात माझा आठवडाभराचा किराणा होऊन वर शिल्लक उरत असे.

पोतराजाचे बक्षीस

त्याच रात्री स्वयंपाकघरात पुण्याकडची एक मैत्रीण मला म्हणाली, "अगं, पैसे कशाला घालवतेस? तू पोतराज हो. चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरू, कपाळभर हळद-कुंकू आणि हातात कोरडा. मी पाचवीत असताना पोतराज झाले होते, पहिला नंबर आला होता माझा! इथल्या लोकांनी तर असलं कधी पाहिलंच नसेल."

ती हे कुजकेपणाने बोलली नव्हती, हे आधीच सांगते. ती मनाने निर्मळ मुलगी होती. मी तापाने पडले असताना तिनेच मला तीन दिवस मऊभात करून घातला होता. पण तिचे बोलणे ऐकून माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

कारण माझे पणजोबा पोतराज होते. शाळेच्या स्नेहसंमेलनातले नव्हे, खरे. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावी मरीआईची पोतराजकी आमच्या घराकडे होती. पणजोबांच्या पाठीवर कोरड्याचे वळ असत आणि त्या वळांवर आमच्या घराची चूल पेटत असे. गावात पटकीची साथ आली की त्यांना बोलावणे येई. साथ सरली की तोच पोतराज पुन्हा गावाला विटाळ होई. तो चिंध्यांचा घागरा त्यांनी हौसेने घातला नव्हता आणि खेळ संपल्यावर तो काढून ठेवण्याची सोय त्यांना नव्हती.

मी मैत्रिणीला एवढेच म्हणाले, "तू उतरवलास ना गं तो वेष, बक्षीस घेतल्यावर? माझ्या पणजोबांना तो उतरवायला बाबासाहेब यावे लागले."

मग तिला सगळे सांगितले. १९५६ साली घरची माणसे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी पणजोबांच्या जटा कापल्या. गावचा न्हावी आपल्या माणसांच्या डोक्याला हात लावीत नसे. म्हणून आजोबांनीच कात्री चालवली. मरीआईचा देव्हारा आणि तो कोरडा नदीत सोडून दिला. गावाने धमक्या दिल्या की आता देवीचा कोप होईल. कोप झाला नाही. बंद झाली ती भीक, आणि आजोबा मूर्तिजापूरला जिनिंगमध्ये मजुरीला जाऊ लागले.

मैत्रीण बराच वेळ गप्प राहिली. शेवटी म्हणाली, "मला हे कुणी कधी सांगितलंच नाही." तिचे खरेच होते. तिच्या शाळेत हळद-कुंकू कुठे लावायचे ते शिकवले होते, पोतराज कोणाच्या घरातून येतो ते शिकवले नव्हते.

आईचा फोन

रविवारी आईला फोन लावला. माझ्या आवाजावरून तिने ओळखलेच. "काऊन वं, का झालं? जेवतेस ना बराबर?"

मी पार्टीचे सांगितले. बाबासाहेबांसारखा कोट घालून, टाय लावून, हातात पुस्तक घेऊन जावे, असे माझ्या मनात येऊन गेले होते. १४ एप्रिलला आपली लहान मुले तशी सजतातच. आई म्हणाली, "लेकरानं केलं तं कौतुक असते. पण दारू पिऊन नाचणाऱ्या लोकायच्यात बाबासाहेबाचं सोंग न्यायचं नाही." मग थोडे थांबून म्हणाली, "आपल्या आजीसारखी जाय ना. नागपूरले गेली होती तशी."

आजीच्या त्या लुगड्याची गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, पण अर्धवट. आईने ती पुन्हा सांगितली. दीक्षेला पांढरी वस्त्रे नेसून या, असा निरोप गावोगाव गेला होता. आजीजवळ पांढरे लुगडे नव्हते. असणार कसे? त्या काळी नवरा गेलेल्या बाईनेच पांढरे नेसायचे. सवाष्ण बाईने पांढऱ्याला शिवायचेही नाही. आणि नवे घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा आजीने आजोबांची दोन धोतरे धुऊन, नीळ देऊन, मधोमध शिवली आणि त्याचे लुगडे केले. कडेवर माझे मोठे काका. स्टेशनपर्यंत पायी निघाली तेव्हा वाटेत बाया म्हणाल्या, "नवरा जिता असून पांढरं काऊन नेसलीस वं?" आजी म्हणाली होती, "आज माह्या नवा जन्म हाय. जन्मलेल्या लेकराले का कोणी रंगीत गुंडाळते?"

परत आल्यावर मधली शिवण उसवली आणि आजोबांनी तीच धोतरे पुन्हा नेसली.

फोन ठेवल्यावर माझे ठरले. दुसऱ्या दिवशी लीड्सच्या मोठ्या मंडईत, कर्कगेट मार्केटमध्ये गेले आणि स्वस्तातल्या दोन पांढऱ्या चादरी घेऊन आले. शिवायला कोण बसले असेल? तीच पुण्याकडची मैत्रीण. तिचा हात शिवणाला चांगला होता. टाके घालता घालता तिने नागपूरबद्दल, बावीस प्रतिज्ञांबद्दल, आजीबद्दल इतके विचारले की रात्रीचे दोन वाजले.

कपडा म्हणजे केवळ कपडा नव्हे

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या माणसांनी काय नेसावे, काय नेसू नये, हे दुसऱ्यांनी ठरवल्याचा इतिहास किती मोठा आहे! बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ सालच्या ग्रंथात इंदूरकडच्या बलाई समाजाची हकीकत दिली आहे. १९२८ सालची ती गोष्ट. तेथील सवर्णांनी बलायांना फर्मान काढले की जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. म्हणजे वेष ठरवून द्यायचा आणि तो जन्मभर अंगावर वागवायला लावायचा.

हे ओळखूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेनंतर बाबासाहेब आपल्या भगिनींशी वेगळे बोलले. तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा, गळाभर माळा आणि कोपरापर्यंतच्या कथलाचांदीच्या बांगड्या ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती पुसून टाका, स्वच्छ राहा आणि अंगभर नेटके नेसा, असा त्यांचा सांगावा होता. बायांनी घरी जाण्याची वाट पाहिली नाही. तेथेच लुगडी घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या त्या मैदानावर खुद्द बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून उभे राहिले, तेव्हा समोर लाखोंचा शुभ्र समुद्र होता. माझी आजी त्या समुद्रातला एक थेंब. इतिहासाच्या पुस्तकात तिचे नाव नाही. आपण आता तिचाच वेष करून जायचे, असे मी मनाशी पक्के केले.

"तू भूत आहेस का?"

शनिवारी रात्री खालच्या दिवाणखान्यात गेले तर कवट्या, चेटकिणी, रक्तपिपासू राक्षस यांची जत्रा भरलेली. नायजेरियाचा एक मुलगा आपल्या वडिलांचा भरजरी झगा घालून आला होता आणि वडिलांसारखाच खोकत, सगळ्यांना अभ्यासाबद्दल दटावीत फिरत होता. आमच्या पुण्याच्या बाईसाहेबांनी गळ्यात पाटी अडकवली होती, 'दुकान दुपारी १ ते ४ बंद राहील. उगाच चौकशी करू नये.' ती पाटी आम्हा चौघांनाच कळली, पण आम्ही पोट धरधरून हसलो. आपल्याच माणसांची थट्टा करायला मोकळे मन लागते, हे मला त्या दोघांकडून कळले.

मला मात्र जो तो एकच प्रश्न विचारी. "तू भूत आहेस का?" हॅलोवीनच्या दिवशी पांढरी चादर म्हणजे भूतच! पहिल्यांदा मला हसू आले. मग प्रत्येकाला सांगू लागले, "नाही. मी माझी आजी आहे. हजारो वर्षे लोक आम्हाला भुतासारखे टाळत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आम्ही माणूस झालो, त्या दिवशीचा हा वेष आहे." काहींनी मान हलवली आणि पेला भरायला निघून गेले. पण इराणची एक मुलगी खाली बसून चादरीची शिवण बोटाने चाचपत राहिली. "तुझ्या आजीचे टाके असेच होते का?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही, डोळेच भरून आले.

इतक्यात दारातून एक उंच युरोपीय मुलगा आत आला. डोक्याला टक्कल दाखवणारी रबरी टोपी, नारिंगी पंचा, सदऱ्यात उशी कोंबून काढलेली भली मोठी ढेरी. "मी बुद्ध! पोटावरून हात फिरवा, नशीब उघडेल!" असे तो ओरडत होता आणि लोक हसत हसत उशीवर थापा मारीत होते.

माझ्या शेजारी श्रीलंकेची मैत्रीण उभी होती. दोनच आठवड्यांपूर्वी १४ ऑक्टोबरला आम्ही दोघींनी माझ्या खोलीत वंदना घेतली होती. वसतिगृहात मेणबत्ती लावायला बंदी, म्हणून टेबलावरचा दिवा लावला होता. तिचे पाली उच्चार वेगळे, माझे वेगळे, पण शब्द तेच. ती आता एकही शब्द न बोलता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

खरे सांगते, माझ्या अंगाची लाही लाही झाली. तोंडावर चार शब्द फेकावेत असे वाटले. पण अंगावर आजीचा वेष होता. आणि दोन आठवड्यांपूर्वीच्या वंदनेत म्हटलेले पंचशील अजून ओठांवर होते. मी त्याच्याजवळ जाऊन शांतपणे विचारले, "तू कोणता बुद्ध?"

तो गोंधळला. "कोणता म्हणजे? बुद्ध एकच ना?"

मी त्याला बाजूला नेऊन सांगितले की हा ढेरपोट्या हसरा म्हातारा म्हणजे बुदाई नावाचा, दहाव्या शतकातला एक चिनी भिक्खू. सिद्धार्थ गौतम आणि तो यांच्यात हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. तथागताने कोणाचे नशीब उघडून देण्याचे वचन कधी दिले नाही. स्वतःच स्वतःचा दीप व्हा, असा त्यांचा मार्ग. आणि माझ्या लाखो माणसांना त्याच नावाने माणुसकी मिळाली आहे. मग भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे मी बोट दाखवले.

तो लाल झाला. "माझ्या गावात दुकानात मिळतो तो पुतळा. मला वाटलं, नाताळबाबासारखं काहीतरी असेल." त्याने उशी काढली, टोपी खिशात घातली आणि तिच्याजवळ जाऊन क्षमा मागितली. त्याचा एक मित्र मात्र "तुम्हाला विनोद कळत नाही" असे पुटपुटत निघून गेला. सगळ्यांचे मन एका रात्रीत बदलत नसते, हेही मान्य केले पाहिजे.

अशा वादाला तिकडे नवेपणा नव्हता. जानेवारी २००५ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र हॅरी वेषांतराच्या पार्टीला दंडावर स्वस्तिकाची पट्टी असलेला नाझी पोशाख घालून गेला होता. त्या पार्टीचा विषयच होता, 'वसाहतवाले आणि मूळचे रहिवासी'! छायाचित्र छापून आले, जगभर संताप झाला आणि त्याला माफी मागावी लागली. पुढे २०११ साली अमेरिकेत ओहायो विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका गटाने भित्तिपत्रके काढली. आमची संस्कृती हा तुमचा पोशाख नव्हे, असा त्यांचा आशय होता. ती पाहिली तेव्हा मला त्या भिंतीकडे वळलेल्या मैत्रिणीची पाठ आठवली.

माझाही एक अपराध

येथेच लेख संपवला तर मी फार शहाणी ठरेन. पण त्या रात्री खोलीत परतल्यावर मला माझी स्वतःची सहावीतली गोष्ट आठवली आणि मान खाली गेली.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी 'आदिवासी मुलगी' झाले होते. तोंडाला काजळी, कमरेला पाला, डोक्यात पिसे, आणि तोंडाने काहीतरी 'हुर्र हुर्र'. टाळ्यांचा कडकडाट झाला होता. त्या वेळी आमच्या वर्गात मेळघाटातून आलेली एक कोरकू मुलगी होती. ती आमच्यासारखाच शाळेचा निळा-पांढरा गणवेश घालून तिसऱ्या रांगेत बसली होती. ती हसली नाही आणि रडलीही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याजवळ डबा खायला बसेनाशी झाली. का, ते मला तेव्हा कळले नाही. ते कळायला मला सातासमुद्रापलीकडे जावे लागले.

पोतराजाच्या वेषाने मला बोचले, तसेच माझ्या काजळीने तिला बोचले असेल. मग पुण्याच्या मैत्रिणीत आणि माझ्यात फरक तो काय? ज्याला टोचते त्यालाच कळते, हे खरे. पण आपल्याला टोचलेले असूनही आपण दुसऱ्याला टोचावे, हे अधिक वाईट.

पालकांना विनंती

बंधू-भगिनींनो, वेषांतर वाईट नाही. लेकरांनी नटावे, मुरडावे, रंगमंचावर धीटपणे उभे राहावे. वासुदेव, कोळीण, भाजीवाली, पोतराज, अशा वेषभूषा आजही आपल्या शाळांतून चालतात आणि वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली की आपणही धावपळ करून सामान जमवतो. त्या वेळी क्षणभर थांबून एवढेच मनाला विचारावे: ज्याचा वेष आपले लेकरू घेत आहे, तो माणूस पहिल्या रांगेत येऊन बसला तर आपल्या लेकराला त्याच्या डोळ्याला डोळा देता येईल का? येत असेल तर खुशाल वेष करावा, आणि त्याची गोष्टही लेकराला सांगावी. येत नसेल तर दुसरा वेष शोधावा. सावित्रीबाई आहेत, फातिमाबी आहेत, रमाई आहेत. आणि नाव नसलेल्या आपल्या आज्या तर घरोघरी आहेत.

तसेच आपल्या घरातील शोकेसमध्ये कोणी भेट दिलेला 'लाफिंग बुद्धा' असेल, तर तो तथागत नव्हे, हेही मुलांना सांगावे. लीड्सच्या त्या मुलाला ठाऊक नव्हते म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण आपल्याला ठाऊक नसेल तर दोष कोणाला द्यायचा?

बक्षीस कोणाला मिळाले, असे माझी भाची नेहमी विचारते. ते वडिलांसारखे खोकणाऱ्या नायजेरियाच्या मुलाला मिळाले आणि योग्यच मिळाले. सोमवारी मी चादरींची मधली शिवण उसवली, त्या धुतल्या आणि पलंगावर अंथरल्या. पैशाचे सोंग काही आणता येत नव्हते. आजोबांनी धोतरे पुन्हा नेसली, मी चादरी पुन्हा अंथरल्या. शिवणीची भोके मात्र शेवटपर्यंत दिसत राहिली. त्यांवरून हात फिरवला की अजूनही आजीची आठवण होते.

त्या चादरी मी परत येताना सोबत आणल्या आहेत. यंदा दीक्षाभूमीला जाताना त्या पुन्हा जोडायचा विचार आहे. या वेळी टाके माझी भाची घालणार आहे.

जय भीम.